बोट ठेवून वाचायचं पुस्तक

पुस्तक घेण्याआधी मी आता त्यातला एखादा शब्द दाबून पाहतो. बाजारात लोक पपई दाबून पाहतात, तसा. पडद्यावरच्या एका शब्दावर बोट धरून ठेवायचं. तेवढाच शब्द निळा झाला, तर ते पुस्तक आहे. त्याचं अक्षर पाहिजे तेवढं मोठं करता येईल. काहीच झालं नाही, तर ते पुस्तक नाही, पुस्तकाचा फोटो आहे. फोटो कितीही ताणला तरी फोटोच राहतो.

ही विद्या माझ्याकडे आहे हे वाशिममध्ये आमच्या ओळखीच्या बऱ्याच लोकांना माहीत झालं आहे. कोणाला मोबाईलवर पुस्तक घ्यायचं असलं की फोन येतो, "भाऊ, घेऊ का नको, जरा दाबून पाहता का?" मी पाहतो. नमुन्याची पानं उतरवून घेतो, अनुक्रमणिकेवर टिचकी मारून प्रकरण उघडतं का ते बघतो, अक्षर वाढवून ओळ तुटते का ते बघतो, लोकांनी खाली काय शिव्या दिल्या आहेत त्या वाचतो, आणि मग निकाल देतो. एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखा चष्मा कपाळावर सारून देतो. बायको स्वयंपाकघरातून ऐकत असते. ती म्हणते, "सगळं दाबून पाहिलं तुम्ही. जे पाह्याचं होतं तेवढं सोडून."

ती खोटं बोलत नाही. मी चष्मा कपाळावरून खाली घेतो.

हे सगळं सुरू झालं ते ताईमुळे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. कामरगावला दिलेली. भावजी गेल्यावर मुलगा आणि सून शेतीचं पाहतात, ताई घराचं आणि विहाराचं पाहते. विहाराचं म्हणजे काय, तर पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथे पुस्तक वाचायचं असतं, आणि ते ताई वाचते. आषाढ पौर्णिमेला सुरू करते, आश्विन पौर्णिमेला संपवते. गेली कित्येक वर्षं. दुसऱ्या गावात दुसरा ग्रंथ असेल, पण आमच्या कामरगावच्या त्या मोहल्ल्यात पहिल्यापासून बुद्धाचं एकच चरित्र चालत आलं आहे. कोण्या एका जुन्या गुरुजींनी साध्यासुध्या मराठीत लिहिलेलं, जाडजूड, बारीक अक्षराचं.

आणि ते वाचायची तिथली एक रीत आहे. ओळीखाली बोट ठेवून वाचायचं. जेव्हा हे वाचन सुरू झालं तेव्हा मोहल्ल्यात अक्षर येणारी माणसं हाताच्या बोटांवर होती, तीही नुकती शिकलेली. ती बोट ठेवून, अक्षर लावून वाचायची. पुढं बसलेल्या बायांना वाचता येत नसे, पण बोट दिसे. बोट उजवीकडे गेलं, खाली उतरलं, पुन्हा उजवीकडे गेलं, म्हणजे पुस्तकातलंच चाललं आहे, मनचं नाही. त्या बाया गेल्या, त्यांच्या सुना-नातसुना शिकल्या, पण बोट राहिलं. एकदा एक शिकलेले पाहुणे आले होते. त्यांनी पुस्तक हातात धरून, मान वर करून, फार सुंदर वाचलं. ते गेल्यावर एक म्हातारी म्हणाली, "भाषन चांगलं झालं. वाचन कधी हाये?"

ताईचं वाचन त्या म्हातारीलाही चालायचं. ताई चौथीतून शाळेतून काढलेली. मी मात्र पुढं शिकलो, कारण मी मुलगा. त्यामुळे घरात हुशार मी समजला जातो आणि पुस्तक तोंडपाठ तिला आहे.

मग तिच्या एका डोळ्याला मधोमध डाग दिसायला लागला. आधी तिला वाटलं चष्मा खराब झाला. मग वाटलं पुस्तक खराब झालं. अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं तोवर एक डोळा कामातून गेला होता आणि दुसऱ्याची सुरुवात झाली होती. डॉक्टर शांत माणूस होता. म्हणाला, पडद्याचा आजार आहे, डोळ्यात इंजेक्शन देऊ, त्यानं आहे ते काही काळ टिकेल, गेलेलं येणार नाही. मधलं जाईल, कडेकडेचं राहील.

"म्हंजे मले भिंत दिसन, भिंतीवरचं घड्याय नाई दिसन?" ताईनं विचारलं.

"तसंच समजा."

"अन् पुस्तकाची कोर दिसन, अक्षर नाई."

डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "तुम्ही सख्खे भाऊ ना? तुम्हीही एकदा तपासून घ्या. हे घराण्यात असतं." मी लगेच हो म्हटलं आणि ताईसाठी चहा आणायला बाहेर गेलो. अजून तो चहा आणतोच आहे.

परतीच्या गाडीत ताई खिडकीशी बसली होती. बाहेरची पळती शेतं बघत होती. मग म्हणाली, "एवढा एक वर्षावास वाचून झाला पाहिजे रे. मंग काय व्हाचं थे होवो."

मी म्हटलं, "होईल."

मी घरातला मोबाईलवाला माणूस. कोणाचा पासवर्ड विसरला, कोणाचा फोटो गेला, की माझ्याकडे येतात. ते परत मिळतंच असं नाही, पण मी फोन हातात घेऊन असा काही चेहरा करतो की लोकांना धीर येतो. ताईलाही आला.

आधी मी मोठ्या अक्षरातलं छापील पुस्तक शोधलं. वाशिमच्या दुकानात, कारंज्याच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "मोठ्या अक्षरात आहे ना, बालवाडीचं." मग भिंग आणलं. चांगलं जाड, दांड्याचं. ताईनं एका हातात पुस्तक धरलं, एका हातात भिंग धरलं, आणि दोन्ही खाली ठेवलं.

"दिसत नाही का?"

"दिसते. पन बोट कुठी ठेवू? तिसरा हात आन मंग."

मी हसलो. सूनही हसली. हे वाक्य मी विनोद म्हणून वाशिमला येऊन चार ठिकाणी सांगितलं. ताईनं मला सगळं त्या दिवशीच सांगून टाकलं होतं, पण माझं लक्ष टाळी घेण्याकडे.

मग मला ई-बुक सुचलं. अक्षर वाढवता येतं, उजेड मागून येतो, हातात भिंग नको. मी शोधलं तर पुस्तक एका ठिकाणी होतं पण खाली लिहिलेलं, सध्या उपलब्ध नाही. दुसऱ्या ठिकाणी होतं तर हिंदीत. तिसऱ्या ठिकाणी नेमकं तेच मिळालं, तेच मुखपृष्ठ, तेच गुरुजी. मला इतका आनंद झाला की नमुना बघायचा राहिला. विकत घेतलं, मुलाच्या जुन्या टॅबमध्ये उतरवलं आणि पुढच्या रविवारी कामरगाव गाठलं.

ते फोटो होते. कोणीतरी जुन्या प्रतीचं एकेक पान उताणं पाडून फोटो काढले होते. काही पानांवर पेनानं केलेल्या खुणासुद्धा आल्या होत्या. अक्षर मोठं करायला गेलं की पान फुगायचं आणि ओळीचं शेपूट पडद्याच्या बाहेर जायचं. ते बघायला पान डावीकडे ओढा, मग पुढच्या ओळीसाठी परत उजवीकडे ओढा. ताईनं दोन ओळी तशा वाचल्या. बुद्धाचे वडील अर्धे आत, अर्धे बाहेर.

"बापू," ताई मला बापू म्हणते, "हे तं आपल्या आंगनातल्या बकरीसारखं हाये. इकून ओढलं का तिकून जाते."

"घेण्याआधी पाहायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"तुले समजते म्हनतात ना सगळं?"

"म्हणतात."

"कोन म्हनते?"

सून तोंडाला पदर लावून आत गेली.

त्या दिवसापासून मी पाहायला शिकलो. शब्द दाबून पाहणं हे तेव्हाच सापडलं. दुसऱ्या एका प्रकाशकानं त्याच चरित्राची नवी आवृत्ती काढली होती आणि तिचं ई-बुक होतं. या वेळी मी शहाण्यासारखा आधी नमुना उतरवला. नमुन्यात प्रकाशकाचं मनोगत होतं, आवृत्तीनिमित्त दोन शब्द होते, ते दोन शब्द बरेच लांब होते, मग ऋणनिर्देश होता. बुद्धाचा जन्म व्हायच्या आतच नमुना संपला. अक्षर मोठं होत होतं, पण ते आभाराचं. आभार मोठ्या अक्षरात वाचायला ताईला बोलावून काय करणार?

मी प्रकाशकाच्या कार्यालयात फोन लावला. पलीकडे एक गृहस्थ होते, आवाजावरून जेवण झालेले.

"साहेब, ई-बुकात आतलं अक्षर मोठं होतं का?"

"ई-बुक आहे ना साहेब. सगळं होतं."

"नाही, म्हणजे आत फोटो नाहीत ना?"

"फोटो पाहिजेत का? सचित्र आवृत्ती छापील आहे."

"फोटो नकोत. अक्षर पाहिजे. तुम्ही मला मधलं एखादं पान पाठवाल का, बघायला?"

"का नाही!" म्हणाले, आणि खरंच पाठवलं. छापील पुस्तकाच्या पानाचा मोबाईलवर काढलेला फोटो. पानाच्या कोपऱ्यावर त्यांचा अंगठा.

शेवटी खात्री दिली ती कोण्या अनोळखी वाचकानं. पुस्तकाच्या खाली त्यानं रागानं लिहिलं होतं की गाथांच्या ओळी एकमेकांना चिकटल्या आहेत, तळटीपा मजकुराच्या मधेच घुसल्या आहेत, पैसे वाया गेले, एक गोष्ट चांगली, अक्षर मोठं करता येतं. त्या माणसाच्या पायावर डोकं ठेवावं असं मला वाटलं. मी पुस्तक घेतलं आणि एक अख्खा रविवार ते तपासलं. प्रत्येक प्रकरणात जाऊन शब्द दाबला. प्रत्येक शब्द निळा झाला. गाथा खरंच चिकटल्या होत्या, पण ताईला गाथा पाठ होत्या. तळटीपा कुठे कुठे घुसल्यात ते मी तिला आधीच सांगून ठेवणार होतो. अक्षर सगळ्यात मोठं केलं तर पडद्यावर मोजक्या ओळी मावत होत्या, पण स्वच्छ, काळ्याभोर. इतक्या बारकाईनं मी नोकरीत एक फाईल तपासली असती तर आज साहेब असतो.

आषाढ पौर्णिमेच्या आदल्या दिवशी कारंज्याला गाडी बदलून कामरगावला पोचलो. ताई स्वयंपाकघरात कणीक मळत होती. मी टॅब पिठाच्या डब्याला टेकवून तिच्या समोर उभा केला. तिनं मान थोडी वाकडी केली. आता ती समोरचं बघायला असंच करायची, कोंबडी बघते तशी, बाजूनं. आणि वाचायला लागली.

वाचायला लागली म्हणजे, लागलीच. न अडखळता. मी शेजारी बसून पान संपलं की सरकवत होतो. तिचे दोन्ही हात कणकेत आणि आवाज विहारातला. चुलीवर तवा तापून धूर निघायला लागला.

"आई, पोया होऊ द्या, मंग वाचा," सून म्हणाली.

"थांब वो. लय दिवसानं अक्षर भेटलं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "बापू, तू कामाचा निंघाला रे."

माझ्या आयुष्यात मला मिळालेल्या प्रमाणपत्रांत हे पहिलं. त्या रात्री मी पुरणपोळी न मागता वाढून घेतली.

तिचे हात कणकेत होते. ही गोष्ट माझ्या समोर होती, पिठानं पांढरीफटक. मी अक्षर तपासलं, ओळ तपासली, उजेड तपासला, बॅटरी तपासली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी विहार भरला होता. पांढऱ्या साड्यांतल्या बाया पुढं, आम्ही पुरुष मागं दाराजवळ. त्रिशरण झालं, पंचशील झालं. ताईच्या पुढ्यात पुस्तकाचा लाकडी ठोकळा होता, त्यावर जुन्या पुस्तकाऐवजी टॅब. पुढच्या बाया माना लांब करून बघत होत्या.

"टीवी हाये का वो?"

"नाई वो, पुस्तकच हाये. तिच्या भावानं आनलं वाशीमवून."

मी दाराजवळ बसल्या जागी थोडा सरळ झालो.

ताईनं वाचायला सुरुवात केली. पान संपलं की कडेला टिचकी मारायची, एवढं मी तिला शिकवून ठेवलं होतं. कपिलवस्तू, शाक्य, राजा. आवाज छान लागला होता. मग एक ओळ ती पुन्हा वाचायला लागली. मला वाटलं, जोर देण्यासाठी वाचली असेल. पुढं गेली. पुन्हा मागचंच वाक्य आलं. राणीला स्वप्न पडलं. मग पुन्हा राणी झोपायला गेली. मग पुन्हा कपिलवस्तू. ताई थांबली. मान वाकडी केली, आणखी वाकडी केली. पुन्हा सुरू झाली. राणी परत झोपायला गेली.

बायांत चुळबुळ झाली. एकीनं दुसरीला कोपरानं ढोसलं. कोणीतरी हळूच, प्रेमानंच, म्हणालं, "हे झालं बाई वाचून."

"झालं का?" ताई म्हणाली.

"हो ना वो. दोन डाव झालं."

ताईनं पुन्हा एकदा प्रयत्न केला. मला बायांच्या डोक्यांवरून तिचं कपाळ दिसत होतं आणि कपाळावर घाम. मग तिनं वाचणं थांबवलं. टॅबवर हात पालथा ठेवला, पुस्तक मिटताना ठेवायची तसा, आणि सुनेला म्हणाली, "जुनं पुस्तक आन कपाटातून. तू वाच."

सून उठली. पुस्तक आणलं. सासूकडे एकदा बघून ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. मी तिच्या बोटाकडे बघत होतो, तरी मला काही उमगलं नाही. मी आपला मनातल्या मनात प्रकाशकाला शिव्या देत होतो.

घरी येताना ताई माझ्या हाताला धरून चालत होती. रस्ता तिच्या पायाखालचा होता, एरवी तिला कोणाचा हात लागत नसे.

"बापू, गेले रे डोये."

"अगं, काल तर चांगलं वाचलं."

"काल होते. आज गेले. ओळ ठरूनच नाई राह्यली. वाचली का मांगं जाये."

उत्तर मला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. टॅब घेऊन अंगणात बसलो, आणि काय होतं ते बघावं म्हणून, ताई वाचते तसं, ओळीखाली बोट ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं. पान मागं गेलं. पुन्हा नेलं. पुन्हा मागं गेलं. काचेवर बोट उजवीकडे ओढलं म्हणजे मागचं पान पाहिजे, अशी त्या यंत्राची समजूत. ओळीखाली फिरताना ताईचं बोट जरा टेकलं की तेच बोट पुस्तकाला एक पान मागं न्यायचं. अक्षर इतकं मोठं केलेलं की सगळी पानं तिला सारखीच दिसत होती. मोहल्ल्यानं इतक्या वर्षांत कमावलेलं बोट, आणि मी ते तपासलं नव्हतं. अक्षरं दाबण्यासाठी मी माझं बोट शंभरदा त्या काचेवर ठेवलं, पण वाचण्यासाठी एकदाही नाही. मी शिकलेला ना. मी डोळ्यांनी वाचतो.

मी धावत आत गेलो. "ताई, डोळे नाहीत गेले! बोटामुळे झालं. बोटानं पान पलटतं." मला वाटलं ती हसेल. बकरीबिकरीचं काहीतरी बोलेल.

ती तांदूळ धूत होती. हात थांबले नाहीत. "मशीनले काय कराचं हाये माह्या बोटाचं?"

"अगं तसंच असतं ते. हे बघ." मी टॅब तिच्यासमोर धरला, तिचं ओलं बोट पुसून काचेवर ठेवलं, ओढलं. "गेलं की नाही मागं?"

तिनं मान वाकडी करून पाहिलं. "मले नाई समजत काई बदललं का नाई थे."

"बदललं ना. मी सांगतो ना तुला."

"हो," ती म्हणाली. "तू मले बरं वाटावं म्हनून सांगून राह्यला."

"खरंच सांगतो गं!"

"लहानपनी तू पडला का मीबी तुले असंच सांगो. मुंगी मेली म्हनो. मेली नोती कोनतीच मुंगी."

मी सुनेला साक्षीला आणलं. सुनेनं बोट फिरवून दाखवलं, सांगितलं, "आई, खरं हाये, पान मांगं जाते." ताईनं ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "तूबी याच्यात हाये का?"

मी टॅबच्या सगळ्या सेटिंगा उलट्यापालट्या केल्या. काचेचा स्पर्श बंद करता येतो आणि पान बाजूच्या बटनानं पलटता येतं, हे सापडलं. तसं करून दिलं. म्हटलं, आता कितीही बोट फिरव. ताईनं माझ्या समाधानासाठी टॅब पुढ्यात घेतला. पण आता तिचं बोट काचेला लागत नव्हतं. ओळीच्या वर, हवेत, वीतभर अंतरावर फिरत होतं. गरम तव्यावर धरल्यासारखं. हवेतल्या बोटाला ओळ सापडेना. पहिल्या ओळीवरून ती तिसऱ्या ओळीवर गेली, आणि या वेळी ते यंत्रानं केलं नव्हतं.

"पाह्यलं?" ती म्हणाली. शांतपणे. जिंकल्यासारखी.

मी वाशिमला परत आलो. दर रविवारी जायचो. दर वेळी तिला थोडं वाचायला लावायचो, कणीक मळताना, भाजी निवडताना, हात गुंतलेले असताना. त्या वेळी ती वाचायची. बरं वाचायची. पण विहाराचं नाव काढलं की म्हणायची, गुडघे दुखतात. तिचे गुडघे काही दुखत नव्हते. मोहल्ल्यात कोणाच्या घरी बाळंतपण असलं की ती पार दुसऱ्या टोकापर्यंत जायची. विहार घरापासून हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी सुनेच्या वाचण्याचा आवाज घरापर्यंत यायचा. ताई ओट्यावर बसून ऐकायची. सून एखाद्या ठिकाणी अडखळली की ताई ओट्यावरून ते वाक्य पुरं करायची, पण हळूच, आपल्यापुरतं.

मी धरून चाललो होतो की महिना गेला की तिची भीती जाईल. आश्विन पौर्णिमेचं शेवटचं प्रकरण तरी ती वाचेल. मी तशी तयारीही करून ठेवली होती. सेटिंगवर तिचा विश्वास नाही, म्हणून ठोकळ्यावर टॅब, टॅबवर एक साधी काच, बोट त्या काचेवर फिरवायचं, म्हणजे यंत्राला ते लागणारच नाही. फोटो फ्रेमवाल्याकडून काच कापून आणली. कडा घासून घेतल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली.

पौर्णिमेच्या आधीच सुनेचा फोन आला. ताईच्या चांगल्या डोळ्यात रक्त उतरलं होतं. अकोल्याला गेलो. तोच डॉक्टर, तीच खुर्ची. या वेळी ताईनं काही विचारलं नाही. डॉक्टरनंच विचारलं, "समोर काय दिसतं?"

"तुमी सोडून सगळं," ताई म्हणाली.

काच अजून कपाटावरच आहे. बायको झाडताना विचारते, टाकू का. मी म्हणतो, राहू दे.

त्या आधीच्या शोधाशोधीत, जिथे पुस्तक उपलब्ध नव्हतं तिथे मी एक बटन दाबून ठेवलं होतं, आलं की कळवा म्हणून. विसरूनही गेलो होतो. परवा ऑफिसात मोबाईल वाजला. आपण मागणी केलेलं पुस्तक आता उपलब्ध आहे. मी हातातली फाईल बाजूला ठेवली आणि नमुना उतरवला. मनोगत नाही, आभार नाहीत, थेट पहिलं प्रकरण. शब्द दाबला, निळा झाला. अक्षर वाढवलं, वाढलं. गाथा वेगवेगळ्या ओळींत, आपापल्या जागी. टीपा शेवटी. ओळीओळीतलं अंतर वाढवायची सोय. बोटानं पान पलटू नये यासाठी सेटिंगमध्ये एक खूण होती, ती केली आणि ओळीखाली बोट ठेवून डावीकडून उजवीकडे नेलं. पान हललं नाही. पुन्हा नेलं. हललं नाही. इतकं चांगलं केलेलं मराठी ई-बुक मी अजून पाहिलेलं नाही.

सांगायचं नव्हतं, पण फोनवर सांगून गेलो. ताईला खोटं सांगितलेलं आवाजात कळतं.

"कसं हाये अक्षर?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे."

"बोट ठेवलं तं?"

"ठेवून पाहिलं. जागचं हलत नाही."

तिच्या मागं सून कोणाला तरी हाक मारत होती.

"घेऊन ठेव मंग," ती म्हणाली.

"कायले?" तिच्याशी बोलताना माझी भाषा कधी कधी घरी जाते.

"तुह्येबी जातीन ना डोये. डाक्तरनं सांगतलं होतं, मी ऐकलं. तू चहा आनाले पयाला होता." मग ती हसली. खरंच हसली. "तवा तुले कोन पाहून देईन रे? आताच घेऊन ठेव, बह्याडा."

मी हो म्हटलं. फोन ठेवला. नमुना पडद्यावर उघडाच होता. राणी झोपायला गेली होती. खिडकीतून उजेड येत होता, चष्मा डोळ्यांवर होता, तरी मी अक्षर एक घर मोठं केलं.